घर आहे, कागद कुठे आहे?

जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपल्याकडे पैशापैशाचा असतो. किती जमले, मंडपाला किती गेले, साउंडवाल्याला किती दिले, सगळे वहीत. हिशेब चुकला तर बैठकीत भांडणे होतात आणि ती व्हायलाच हवीत. पण त्याच वस्तीत एखादा सफाई कामगार आयुष्यभराची कमाई, बायकोचे दागिने आणि भिशीचे पैसे घालून दहा-बारा लाखांचे घर घेतो, तेव्हा त्याच्या हातात काय पडते? शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलेला नोटरीचा एक कागद आणि दोन साक्षीदार. त्यातला एक दलाल.

आमचे म्हणणे सरळ आहे. घराचा कागद हा चळवळीचा प्रश्न आहे आणि चळवळीने तो दलालांच्या हवाली केला आहे.

यावर आपलेच कार्यकर्ते म्हणतात, "घराचे व्यवहार ही ज्याची त्याची खासगी बाब. चळवळीने संविधान वाचवायचे की सातबारा तपासत बसायचे?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी बाबासाहेब नीट वाचलेले नाहीत. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही हाकलले गेले. छप्पर आणि जात यांचा संबंध त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे विधेयक आणले. वतन म्हणजे काय? तुकडाभर जमिनीच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामी. म्हणजे जमिनीचा हक्क कोणत्या शर्तीवर लिहिला आहे, हाच तो लढा होता. मग आज तो प्रश्न खासगी कसा झाला?

आधी नोटरीच्या कागदाचे बोलू. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५४ सांगते. नोटरी फक्त सही कोणी केली ते पाहतो, मालकी देत नाही. कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांचा जोड लावून केलेल्या 'विक्री'ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. साठेखत हे विक्रीचे वचन, खरेदीखत ही विक्री. हा एवढा फरक माहीत नसल्यामुळे एकच खोली दोघांना विकली जाते आणि दोन्ही गिऱ्हाईके आपलीच माणसे असतात.

सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवरच्या झोपडीचे खरेदीखत होऊच शकत नाही, कारण विकणारा जमिनीचा मालक नाही. तिथे आपण फक्त ताबा विकत घेतो. उद्या पुनर्वसन आले तर परिशिष्ट-२ मध्ये नाव कोणाचे, यावर सगळे ठरते. म्हणून अशा वस्तीत एकेकट्याने स्टॅम्प लिहून भागत नाही. पट्ट्यासाठी आणि यादीतल्या नावासाठी संघटितच लढावे लागते. चळवळ इथे नाही तर कुठे लागणार?

आता वतनी जमीन. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने संपली आणि जमिनी मूळ वतनदारांना पुन्हा दिल्या गेल्या, पण नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि ठरलेली रक्कम भरल्याशिवाय ती जमीन विकता येत नाही. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' हे तीन शब्द त्यासाठीच असतात. शहर वाढले की बिल्डरची माणसे गावात येतात, अडाणी म्हाताऱ्याचा अंगठा कुलमुखत्यारपत्रावर घेतात आणि कोट्यवधींच्या जमिनीचे चार-दोन लाख हातावर ठेवतात. पुढे शर्तभंग निघाला तर जमीन सरकारजमा होण्याची वेळ येते. वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेब लढले आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाची पोरे ती जमीन दलालाच्या गाडीत बसून विकायला निघाली, हे आम्ही किती दिवस बघायचे?

कर्जाची गोष्ट याच कागदाला जोडलेली आहे. नोंदणीकृत दस्त नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही. मग उरतो सावकार किंवा चढ्या व्याजाची फायनान्स कंपनी. म्हणजे ज्याच्याकडे कागद आहे त्याला पैसा स्वस्त, ज्याच्याकडे नाही त्याला महाग. समाजशास्त्राच्या वर्गात याला विषमतेचे पुनरुत्पादन म्हणतात. वस्तीत याला हप्ता म्हणतात.

कर्ज मिळाले तरी हक्क माहीत नसतात. बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक गृहकर्ज दुसऱ्या बँकेत वर्ग करताना जुनी बँक मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ शकत नाही. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर रोज ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. हप्ते थकले तर सरफेसी कायद्याखाली आधी ६० दिवसांची नोटीस यावी लागते. तिला लेखी हरकत घेता येते आणि तिचे उत्तर देणे बँकेवर बंधनकारक असते. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. पण नोटीस इंग्रजीत असते, ती फ्रीजवर ठेवली जाते आणि दिवस निघून जातात. बेकायदा सावकाराने घर किंवा जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. हे किती शाखांच्या फलकावर लिहिलेले आहे?

आता घरातल्या मनुवादाकडे वळू. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, त्यामुळे मुलीचा वाटा मुलाइतकाच. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. तरीही वडील गेल्यावर बहिणीला बोलावून 'तुला काय कमी आहे' म्हणत हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ आपल्यात आहेत, आणि तेच भाऊ सावित्रीमाईंवर भाषणही करतात. महाराष्ट्रात घर स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. निदान पैसे वाचतील म्हणून तरी तिचे नाव लावा!

आणि ज्यांना वाटते की पैसा आला की जात सुटते, त्यांच्यासाठी एक निकाल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सदस्यत्व एकाच समाजापुरते ठेवणारा उपनियम मान्य केला. सहकाराच्या नावाखाली वेगळा गावगाडा बांधायची वाट यातून खुली राहिली, असे आमचे मत आहे. पण महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचे कलम २३ खुल्या सदस्यत्वाचे तत्त्व मांडते. पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही आणि निबंधकाकडे अपील करता येते. म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी तोंडी नकार देत असेल तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकारही लेखीच मागा. तोंडी जातीयवाद न्यायालयात टिकत नाही, कागदावरचा पकडता येतो.

तेव्हा युवकांनो, काम सांगतो. दर महिन्याचा एक रविवार विहारात कागदांसाठी ठेवा. वंदना झाली की ज्याला घर घ्यायचे, विकायचे किंवा गहाण ठेवायचे आहे त्याने कागद घेऊन यावे. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर मालक कोण, सत्ताप्रकार कोणता, इतर हक्कांत बोजा आहे का? नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू पाहून ही मालमत्ता आधी विकली गेली आहे का? वकिलाचा ३० वर्षांचा शोध अहवाल आहे का? नवी इमारत असेल तर महारेरा क्रमांक आहे का, आणि नोंदणीकृत करार न करता बिल्डर दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागतो आहे का? विकणाऱ्याचे कर्ज चालू असेल तर बँकेचे थकबाकीचे पत्र कुठे आहे? आपल्या समाजात वकील झालेली पोरे-पोरी आता थोडी नाहीत. त्यांना स्टेजवर हार घालण्याऐवजी या रविवारी सतरंजीवर बसवा.

'शिका' या शब्दाचा अर्थ पदवीपुरता नाही. पुढचे घर विकले जाण्याआधी त्याचा कागद वाचता येणारा एक तरी माणूस वस्तीत तयार करा.

जय भीम!