पोलीस कोणाचे?

पोलीस सुधारणेचा विषय निघाला की प्रत्येक सरकार नव्या गाड्या, नवे कॅमेरे आणि नव्या शस्त्रांची यादी पुढे करते. हे दल कोणाला उत्तरदायी आहे, हा मूळ प्रश्न मात्र खुबीने टाळला जातो.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला. लंडनमध्ये रॉबर्ट पील यांनी १८२९ साली उभारलेले नागरी पोलीस त्यांच्यासमोर होते. परंतु हिंदुस्थानसाठी त्यांनी नमुना निवडला तो आयर्लंडला दडपणाऱ्या सशस्त्र दलाचा. स्वातंत्र्यानंतर धनी बदलले, साचा तोच राहिला.

आणीबाणीचे चटके ताजे असताना, १९७७ मध्ये जनता सरकारने धर्मवीर आयोग नेमला. १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल दिले. त्यांतील मुख्य शिफारशी दप्तरातच राहिल्या. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सुरक्षा आयोगाच्या शिफारशी बंधनकारक कराव्यात, अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा, असे बजावले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. पण शिफारशी केवळ सल्ला ठरवल्या आणि ‘जनहिता’च्या नावाखाली मुदतपूर्व बदलीची पळवाट ठेवली. ज्याच्या हाती बदली, त्याच्याच हाती तपास!

काही साथी विचारतात, लाठी चालवणाऱ्याच्या हक्कांची उठाठेव आपण का करावी? त्यांनी ऑगस्ट १९८२ आठवावा. गिरणी कामगारांचा संप चालू असतानाच सरकारने पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक केली. आणि मुंबईचे शिपाई रस्त्यावर उतरताच त्यांच्यावर लष्कर व केंद्रीय दले आणली. आजही १९६६ च्या कायद्यानुसार परवानगीवाचून त्यांना संघटना करता येत नाही. बेकायदा हुकूम नाकारण्याचे बळ ज्याला दिलेले नाही, तोच उद्या मोर्चावर आणि पारध्यांच्या पालांवर तुटून पडतो. शिपायाची गुलामी आणि नागरिकाचे भय एकाच व्यवस्थेची अपत्ये आहेत.

याचा अर्थ अत्याचारावर पांघरूण घालावे असा नव्हे. कोठडीतील प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी व्हावी आणि दोषी कितीही वरचा असो, त्याला शिक्षा व्हावी. परंतु त्याबरोबरच बदल्या मंत्र्यांच्या मर्जीतून सोडवणे आणि शिपायाला संघटनेचा हक्क देणे या मागण्याही आपल्याच आहेत. कार्यकर्त्यांनी त्या गावोगावच्या सभांतून मांडाव्यात. सत्ताधारी त्या आपण होऊन मान्य करणार नाहीत.