गोळी घरपोच, तपासणी कुठे?

गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं मूळ कारण एचपीव्ही हा विषाणू, हे आता आपल्या शिबिरांमधून सांगितलं जातं. पण विषाणूची लागण झालेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर होत नाही. मग ज्यांना होतो त्यांच्यात आणखी काय घडतं? इथे हार्मोनचा संबंध येतो, आणि त्याबद्दल आपल्याशी क्वचितच कुणी बोलतं.

रिसेप्टर म्हणजे पेशीतलं कुलूप, हार्मोन त्याची किल्ली. किल्ली बसली की पेशीचं काम बदलतं. गर्भाशयमुखात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची अशी कुलपं असतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, विषाणूचा जनुक असलेल्या उंदरांमध्ये इस्ट्रोजेनचा रिसेप्टरच नसेल तर हा कॅन्सर होत नाही, असं दिसलं. उंदरांवरून बायकांबद्दल लगेच निष्कर्ष काढता येत नाही, हे खरं. पण बायकांचे आकडेही आहेत. गर्भनिरोधक गोळीत याच दोन हार्मोनांची कृत्रिम रूपं असतात. २००७ मध्ये 'लॅन्सेट'ने २४ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष छापला: पाच किंवा अधिक वर्षं गोळी घेत असलेल्या बायकांमध्ये हा धोका जवळजवळ दुप्पट. गोळी थांबवल्यावर तो उतरतो आणि दहा वर्षांनी उरत नाही.

मग गोळ्या फेकून द्यायच्या? मुळीच नाही. नको असलेलं बाळंतपण टाळणं हा आपला हक्क आहे. जास्त बाळंतपणांनीही हा धोका वाढतो. शिवाय गोळीमुळे बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. आपली तक्रार गोळीबद्दल नाही, अर्धवट माहितीबद्दल आहे.

माला-एन आशाताई घरी आणून देतात. तपासणी मात्र येत नाही. ३० ते ६५ वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असं सरकारनेच २०१६ मध्ये ठरवलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरांतल्या जेमतेम दोघींची ती झालेली होती! त्यासाठी मोठी यंत्रंही लागत नाहीत. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून सौम्य असेटिक आम्ल लावून तपासणी करवली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

बाई मूल होऊ देणार नाही याची काळजी सरकार घेतं, ती जगेल याची कोण घेणार? प्रत्येक गटाने आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं: गोळीसोबत माहिती देता का, आणि तपासणीचा वार कोणता?