रंग उजळण्याच्या नादात चेहरा गमावू नका

सभा संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि मग एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी आम्हाला हळूच बाजूला घेऊन विचारते : चेहऱ्यावर काय लावावे? मुरुमाचे डाग कसे जातील? रंग थोडा उजळेल का? आरक्षणावरचा प्रश्न भरसभेत विचारणारी ही मुले चेहऱ्याचा प्रश्न मात्र कुजबुजत विचारतात. त्यांच्या त्या कुजबुजण्यामुळेच हा लेख लिहावा लागत आहे.

चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांना हा विषय थिल्लर वाटेल. समाजापुढे एवढे प्रश्न पडलेले असताना फेसवॉशची चर्चा कसली, असे ते म्हणतील. आम्हाला हे मान्य नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांपुढे बोलले तेव्हा त्यांनी लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकून द्यावेत, हेच सांगितले होते. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी स्वच्छ राहायला सांगितले. शरीर, कपडा, राहणी हे त्यांच्या लेखी राजकारणाबाहेरचे विषय नव्हते. मग आपल्यालाच ते बाहेरचे का वाटावेत?

इथे कोणी वकिली मुद्दा काढेल. अस्पृश्यतेची खूण असलेले दागिने टाका, असे बाबासाहेब म्हणाले; मग काळा रंगही खूणच की, तो क्रीमने पुसला तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद आम्ही खरोखर ऐकला आहे. तो साफ चुकीचा आहे. दागिने आणि लुगड्याची पद्धत ही समाजाने लादलेली खूण होती, ती काढून फेकता येत होती. कातडीचा रंग ही जातीची खूण कधी नव्हतीच. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट मांडले आहे की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया वंशाने एकच. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तर त्यांनी नाकाच्या मोजमापांची आकडेवारी तपासून अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचा सिद्धांत खोडून काढला. म्हणजे ‘गोरा तो वरचा, काळा तो खालचा’ हे शास्त्र नाही, ती ब्राह्मणी व्यवस्थेने पसरवलेली अफवा आहे. पुण्या-मुंबईत आपल्या एखाद्या उजळ मुलीला ‘तू तशी वाटत नाहीस गं’ असे कौतुकाने सांगितले जाते, ते याच अफवेतून. अफवा खोडायची की तिच्यावर दर महिन्याला दोनशे रुपये खर्च करायचे, हे आपण ठरवायचे आहे.

शास्त्र काय म्हणते तेही पाहू. त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या पेशी मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचे बनवतात यात. मेलॅनिन म्हणजे उन्हाविरुद्धची ढाल. सावळ्या कातडीवर सुरकुत्या उशिरा पडतात आणि उन्हामुळे होणारा त्वचेचा कॅन्सर कमी होतो, तो याच ढालीमुळे. एक तोटा मात्र खरा आहे : आपल्या त्वचेवर मुरूम, ओरखडा, भाजणे, काहीही झाले की मागे काळा डाग राहतो आणि तो महिनोन् महिने टिकतो. म्हणून आपल्यासाठी त्वचेची निगा म्हणजे रंग बदलणे नव्हे. डाग पडूच नये याची काळजी घेणे.

बाजाराने नेमके उलटे शिकवले. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली. पुरुषांसाठीची ‘फेअर अँड हँडसम’ २००५ मध्ये. गोरी झाली आणि नोकरी मिळाली, गोरी झाली आणि स्थळ आले, अशा जाहिराती पाहत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आंदोलनानंतर २०२० मध्ये ‘फेअर’ शब्द जाऊन ‘ग्लो’ आला. डबीवरचा शब्द बदलला. मनातला बदलला का?

पण आमची खरी चिंता ब्रँडेड डबीबद्दल नाही. तिच्यापेक्षा कितीतरी घातक वस्तू आपल्या वस्तीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये वीस-चाळीस-शंभर रुपयांना मिळते, ती म्हणजे स्टेरॉइडची ट्यूब. मेडिकलवाला देतो, पार्लरवाली सुचवते, मावशी म्हणते ‘माझी मुलगी हीच लावते’. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एक नाव असते, कधी जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. ही औषधे वाईट नाहीत. योग्य आजारात, डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोड्या दिवसांसाठी ती फार उपयोगी आहेत. पण रोज चेहऱ्याला लावायची ही वस्तूच नव्हे. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तवाहिन्या आकसतात, सूज दबते आणि चेहरा फिका, गुळगुळीत दिसतो. लोक म्हणतात, क्या बात है! पुढच्या काही महिन्यांत कातडी पातळ होते, गालावर लाल शिरांचे जाळे दिसू लागते, मुरुमांचे पीक येते, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात गेले की आग होते. घाबरून ट्यूब बंद करावी तर चेहरा आणखी लाल होऊन पेटतो. मग पुन्हा तीच ट्यूब. दारूच्या व्यसनासारखे चक्र आहे हे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असे वेगळे नाव दिले, यावरून तिचा प्रसार लक्षात घ्या. २०१८ मध्ये केंद्र सरकारने असली चौदा स्टेरॉइड मलमे शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. चिठ्ठी कोण मागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. नायट्यावर लावायची मिश्र मलमेही बहुधा याच जातीची. त्यांनी खाज थांबते आणि नायटा आतल्या आत पसरतो.

दुसरे विष पारा. पारा मेलॅनिन बनण्याची क्रिया अडवतो म्हणून रंग उतरतो, पण तो कातडीतून रक्तात जातो आणि किडनीवर हल्ला करतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात किडनीच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले, आणि मूळ सापडले गोरेपणाच्या क्रीममध्ये. त्याच सुमारास आपल्या अकोल्यातही असेच प्रकरण उघडकीस आले. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता नाही, घटक लिहिलेले नाहीत, किंवा ‘सोन्या-चांदीला लागू देऊ नका’ अशी सूचना आहे, ती डबी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

ज्यांच्या घरात अशी ट्यूब आज चालू आहे त्यांनी हे वाचून ती उद्या एकदम फेकू नये. ती घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जावे. स्टेरॉइड कसे उतरवायचे ते डॉक्टर ठरवतील. जिल्हा रुग्णालयात जा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. आपल्या कराच्या पैशाचे दवाखाने सोडून पार्लरमध्ये रांग कशाला लावायची?

आता रोज करायचे काय. फार काही नाही, आणि हेच बाजाराला नको आहे.

सकाळी आणि रात्री, दोनदा चेहरा धुवा. घाम गाळून आलात तर तिसऱ्यांदा. पाच-सहा वेळा नको. अंगाचा साबण बहुधा अल्कधर्मी असतो, त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून साबणाने चेहरा ताणल्यासारखा होतो. साधा, सौम्य, बिनवासाचा फेसवॉश परवडत असेल तर तो, नाहीतर सौम्य साबण थोडासा आणि भरपूर पाणी. दगड, घासणी, खरखरीत स्क्रब चेहऱ्याला लावू नका. कातडी घासून रंग निघत नाही, कातडीच निघते आणि मागे डाग राहतो. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे स्वयंपाकघरात आणि मोरीतच ठेवा. ‘आयुर्वेदिक’, ‘आजीबाईचा बटवा’ असे लेबल लागले म्हणून लिंबाचे आम्ल सौम्य होत नाही.

धुतल्यावर ओलसर चेहऱ्यालाच मॉइश्चरायझर लावा. ग्लिसरीन असलेले कोणतेही साधे क्रीम चालेल. कोरड्या त्वचेला, विदर्भाच्या थंडीत, पातळ थर व्हॅसलीनही पुरते. ज्यांना मुरूम येतात त्यांनी खोबरेल तेल चेहऱ्याला लावू नये, आणि डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर ओघळू देऊ नये. कपाळावरचे बारीक पुरळ पुष्कळदा त्या तेलानेच आलेले असते. उशीचा अभ्रा आणि तोंड पुसायचा पंचा धूत राहा. हॉस्टेलात एकच टॉवेल चौघांनी वापरणे बंद करा.

मग ऊन. सगळ्यात मोठा शत्रू तोच, आणि इथे वर्गाचा प्रश्न येतो. एसपीएफ ३० चे सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटे भरून लावावे, दर दोन तासांनी पुन्हा लावावे, हे डॉक्टरांचे सांगणे बरोबर आहे. पण त्या हिशेबाने पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभरही टिकत नाही. पहाटेपासून रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगार बाईला, उसाच्या फडात वाकलेल्या मजुराला, दिवसभर गाडीवर फिरणाऱ्या डिलिव्हरी बॉयला हा सल्ला देणे म्हणजे चेष्टा आहे. त्यांच्यासाठी पहिले सनस्क्रीन म्हणजे कापड : रुंद कडेची टोपी, छत्री, सुती स्कार्फ. दुचाकीवरच्या आपल्या मुली तोंडाला स्कार्फ बांधतात त्याची टिंगल करणाऱ्यांना सांगा, ते उत्तम त्वचाशास्त्र आहे. ज्यांना परवडते त्यांनी सनस्क्रीन जरूर लावावे. वांग आलेल्या बायकांनी तर सावली आणि सनस्क्रीन सोडूच नये, कारण ऊन चालू राहिले की वांगाची औषधेही फारशी चालत नाहीत. आणि ठेकेदाराकडे, नगरपालिकेकडे टोपी, सावलीची जागा आणि पिण्याचे पाणी मागणे हे युनियनच्या मागणीपत्रात यायला हवे. त्वचेची निगा अशीही करता येते.

मुरूम फोडू नका. हे एकच वाक्य पाळले तरी निम्मे डाग टळतील. साध्या मुरुमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापालीनसारखी औषधे चालतात, पण डॉक्टरला विचारून. गर्भार किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने तर विचारल्याशिवाय काहीच लावू नये. या औषधांना दोन-तीन महिने लागतात. आठ दिवसांत ‘रिझल्ट’ देणाऱ्या ट्यूबमध्ये काय असते ते वर सांगितलेच आहे. सिगारेट सोडा, मिश्री सोडा, झोप पुरी करा. टिकलीखालची जागा पांढरी पडू लागली तर टिकली बंद करून डॉक्टरला दाखवा, तो डिंकाचा परिणाम असू शकतो. आणि अंगावर कुठेही फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्याला स्पर्श कळत नसेल, तर लाजू नका. सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करा. औषध मोफत मिळते आणि रोग बरा होतो.

एवढे सगळे करून आपला रंग तोच राहील. सावळा असेल तर सावळाच, पण नितळ. हे ज्याला पटत नाही त्याच्या घरात पुढेमागे ती ट्यूब येणारच, आणि ती पुष्कळदा लग्नाच्या वर्षात येते. म्हणून शेवटची तक्रार आमच्या समाजाबद्दल. आपल्या बऱ्याच वधू-वर परिचय मेळाव्यांच्या फॉर्मवर वर बुद्ध आणि बाबासाहेब असतात, ‘पोटजातीची अट नाही’ असे ठळक छापलेले असते, आणि खाली उंची, शिक्षण यांच्या रांगेत रकाना असतो : वर्ण. चातुर्वर्ण्य जाळणाऱ्या समाजाच्या कागदावर हाच शब्द! पोरीचा बाप तिथे अडखळतो आणि ‘सावळा’ऐवजी ‘गव्हाळ’ लिहितो. मुलगी ते पाहते. दुसऱ्या दिवशी ती मेडिकलमध्ये जाते. एका खासगी विवाह संकेतस्थळाने वापरणाऱ्यांच्या दबावामुळे २०२० मध्ये रंगानुसार स्थळे निवडायची सोय काढून टाकली. जे बाजाराला जमले ते आपल्या मंडळांना का जमू नये?

यंदाच्या मेळाव्याचे फॉर्म छापायला जाण्याआधी प्रत्येक शहरातल्या तरुणांनी आयोजकांना भेटावे आणि तो रकाना काढायला लावावा. जागा रिकामी राहते असे कोणी म्हणाले तर तिथे ‘सिकलसेल तपासणी : केली / नाही’ असे छापा. विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि लग्न ठरवताना कळायला हवी ती हीच गोष्ट आहे.