अंथरूण किती, पाय किती?

रिझर्व्ह बँक दरवर्षी देशभर आर्थिक साक्षरता सप्ताह साजरा करते. बँकांच्या शाखांत फलक लागतात, पत्रके वाटली जातात, आणि सर्वसामान्य नागरिकाला काही हिताच्या गोष्टी सांगितल्या जातात. मिळकत आणि खर्च यांचा हिशेब लिहून ठेवा, आधी बचत बाजूला काढा आणि मग खर्च करा, अनावश्यक कर्ज घेऊ नका, असा हा उपदेश आहे. आपल्याकडे हेच शहाणपण ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या म्हणीत पिढ्यानपिढ्या सांगितले गेले आहे. वरवर पाहता ते बिनतोड आहे. परंतु कोणत्याही उपदेशाची कसोटी तो ज्याला करायचा त्याच्या जगण्यावर लावावी लागते. पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात पहाटेपासून पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालाच्या संसाराला ही कसोटी लावून पाहिली, तर या म्हणीने न विचारलेला एक प्रश्न समोर उभा राहतो. अंथरुणाची लांबी कोण ठरवतो?

हमालाची मिळकत पगारदार माणसासारखी महिन्याच्या एक तारखेला ठरल्याप्रमाणे हाती पडत नाही. ती पोत्यागणिक आणि पेटीगणिक मोजली जाते. हमाल टोळीने काम करतात आणि टोळीची मिळकत आपसांत वाटून घेतात. आवक वाढली की चार पैसे अधिक मिळतात. आवक मंदावली की दिवस बसून जातो. गुळाचा हंगाम, आंब्याचा हंगाम, सुगीनंतरची भुसाराची आवक हे हमालाच्या घरच्या जमेचे ऋतू आहेत. खर्चाला मात्र असे ऋतू नाहीत. भाडे दरमहा द्यावे लागते, चूल रोज पेटवावी लागते, आणि मुलांची फी व वह्या-पुस्तके नेमकी जून महिन्यात, म्हणजे आंब्याचा हंगाम उलटल्यावर दारात उभी राहतात. त्याहून कठोर गोष्ट अशी की, हमालाचे भांडवल म्हणजे त्याची पाठ आणि गुडघे. कारकुनाची मिळकत वयाबरोबर वाढते, हमालाची वयाबरोबर घटते. मुलांची शिक्षणे आणि लग्ने यांचा खर्च शिगेला पोहोचतो, त्याच सुमारास त्याची पाठ जाब विचारू लागते. अशा माणसाला ‘उत्पन्नाच्या अमुक टक्के शिल्लक टाक’ असे सांगणाऱ्याने उत्पन्न स्थिर असते हे गृहीतच धरलेले असते.

श्रमिकांच्या जमाखर्चाचा अभ्यास आपल्या प्रांतात नवा नाही. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगल याने १८५७ साली दाखवून दिले होते की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, तेव्हा निघालेला निष्कर्ष आजही अस्वस्थ करतो. गिरणगावातल्या कामगाराच्या ताटातले धान्य दुष्काळी कामावरच्या मजुराच्या शिध्याइतके भरले. तुरुंगातल्या कैद्याला मिळणाऱ्या शिध्यापेक्षा ते कमी होते. पुढे १९३१ साली शाही श्रम आयोगाने लिहिले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत. एवढी सगळी कुटुंबे उधळी होती असे म्हणण्याचे धाडस आयोगानेही केले नाही. जेथे तीनांपैकी दोन घरे कर्जात बुडतात, तेथे दोष घरातल्या माणसांच्या स्वभावात शोधून भागत नाही. तो मजुरीच्या दरात शोधावा लागतो.

स्वतंत्र भारताने हा दोष ओळखला होता. जुलै १९५७ मध्ये भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून श्रमिक कुटुंबाचे जणू अंदाजपत्रकच तयार केले. एका कमावत्यामागे तीन एकके धरावीत, प्रत्येक एककाला २७०० उष्मांकांचा आहार मिळावा, चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड असावे, घरभाडे धरावे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्च यांसाठी किमान वेतनाचा २० टक्के हिस्सा राखावा, असे हे माप होते. बायकामुलांची कमाई त्यात धरू नये, असेही परिषदेने स्पष्ट केले. पुढे १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत, असा निर्णय दिला. म्हणजे श्रमिकाच्या वहीतली खर्चाची बाजू या देशाने जाहीरपणे लिहून काढली आहे. जमेची बाजू तिच्या बरोबरीला आणण्याचे काम तेवढे राहून गेले.

मापसुद्धा किती जुने झाले आहे, पाहा. २०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या नियमांचा जो मसुदा केंद्र सरकारने २०२० साली प्रसिद्ध केला, त्यात कुटुंबाला वर्षाकाठी ६६ मीटर कापड धरले होते. १९५७चे ७२ वार मीटरमध्ये मोजले तर तेवढेच भरतात. त्रेसष्ट वर्षांत वाराचे मीटर झाले, माप जागचे हलले नाही. २७०० उष्मांकांचा आकडाही मध्यम श्रमाच्या माणसासाठी काढलेला आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्याचे श्रम मध्यम आहेत असे कोणी म्हणेल काय? आणि घरभाड्यासाठी या मसुद्यात अन्न व कापड यांच्या खर्चाच्या १० टक्के रक्कम धरली होती. ज्यांनी हा आकडा लिहिला त्यांनी एकदा डायस प्लॉटमध्ये, आंबेडकरनगरात किंवा बिबवेवाडीच्या वस्त्यांत येऊन तेवढ्या भाड्यात खोली मिळवून दाखवावी.

मिळकत आणि खर्च यांच्यातली ही दरी भरून काढायला सावकार पूर्वीही होता आणि आजही आहे. एकेकाळी तो दारात काठी आपटत उभा राहणारा पठाण होता. आज तो बचत गटाच्या नावाने साप्ताहिक हप्ता गोळा करणारी वित्तकंपनी आहे, किंवा मोबाइलवर चार आकडे दाबताच पैसे देणारे अॅप आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांचे नियम नव्याने केले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक असू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. मर्यादा घातली हे ठीक झाले. पण तिचा अर्थ नीट पाहा. महिना २५ हजार मिळवणाऱ्या घराने साडेबारा हजार हप्त्यात भरावेत आणि उरलेल्या साडेबारा हजारांत पुण्यासारख्या शहरात चौघांनी खावे, राहावे, शिकावे आणि आजारी पडावे, याला नियमाची हरकत नाही. एकीकडे काटकसरीची पत्रके वाटायची आणि दुसरीकडे अर्ध्या मिळकतीवर सावकाराचा हक्क मान्य करायचा, यांत विसंगती नाही काय?

मग श्रमिकाच्या जमाखर्चाचा मेळ बसतच नाही, असे आम्हाला म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. तो कसा बसू शकतो हे याच मार्केट यार्डाने दाखवून दिले आहे. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९५०च्या दशकात पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली, तेव्हा भुसार बाजार नाना पेठ-भवानी पेठेत होता आणि हमाल हा व्यापाऱ्याच्या मर्जीवर जगणारा माणूस होता. मजुरीचा दर ठरलेला नव्हता, म्हातारपणाची सोय नव्हती, अडचणीला मालकाकडून उचल घ्यावी आणि तिच्यापायी बांधून राहावे अशी रीत होती. संघटनेने सर्वप्रथम दर ठरवून घेतले. व्यापाऱ्यांच्या संघटनेशी मुदतीचे करार करण्याची प्रथा पाडली. इकडे पुण्यात बाबा आढाव आणि तिकडे मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यांतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. या कायद्याचे मर्म साधे आहे. हमालाला एक मालक नसतो, म्हणून त्याला नोकरदाराचे हक्क मिळत नव्हते. कायद्याने व्यापारी, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ नेमले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस व औषधोपचार यांची तरतूद करायची. पोत्यागणिक तुटक येणारी मिळकत अशा रीतीने आयुष्यभराच्या मिळकतीत बदलली. आधी बचत आणि मग खर्च हे जे तत्त्व बँका आज शिकवतात, ते महाराष्ट्रातल्या हमालाने अर्ध्या शतकापूर्वी कायद्यात लिहून घेतले. फरक एवढाच की, त्या बचतीत व्यापाऱ्याचा वाटाही त्याने वसूल केला.

खर्चाच्या बाजूलाही संघटनेने हात घातला. १९७२च्या दुष्काळानंतर महागाईने कहर केला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया मुंबईत लाटणी हाती घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि गृहिणीच्या डब्यातला खडखडाट हा राजकारणाचा विषय झाला. त्याच काळात, १९७४ साली, हमाल पंचायतीने पुण्यात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ना नफा ना तोटा या तत्त्वावर श्रमिकाला पोटभर भाकरी-भाजी मिळू लागली. हमालाची पतसंस्था निघाली, तेव्हा व्यापाऱ्याची उचल आणि सावकाराचे व्याज या दोहोंना पर्याय उभा राहिला. हमालनगरात घरे झाली. एकट्याच्या संसारात जी तोंडमिळवणी होत नव्हती, ती अनेकांनी मिळून साधली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हमाल दारूत पैसे घालवतो, लग्नात ऐपतीबाहेर खर्च करतो, मटक्याच्या नादाला लागतो, हे खोटे आहे काय? ते सर्वस्वी खोटे नाही. पण ज्यांना हा दोष आज दिसला आहे त्यांच्या कितीतरी आधी महात्मा फुल्यांनी तो पाहिला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींतून शेतकऱ्याचा खिसा कसा रिकामा केला जातो, याचा जणू ताळेबंदच मांडला. १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने कमी खर्चाचा, पुरोहिताविना विवाह रूढ करण्याचा प्रयत्न केला. ही परंपरा आमची आहे आणि ती हक्काने सांगितली पाहिजे. कर्ज काढून केलेले लग्न हे प्रतिष्ठेचे लक्षण नसून गुलामीचा करार आहे, हे संघटनेच्या कार्यकर्त्यानेच वस्तीत जाऊन सांगायला हवे. हमालाला तो उपदेश त्याच्या घामाचा दर कापणाऱ्याकडून ऐकायचा नाही. त्याच्या बरोबरीने ओझे उचलणाऱ्याकडून तो ऐकेल.

दुसरा आक्षेप असा की, हमालाचे दर आणि लेव्ही वाढली की बोजा शेतकऱ्यावर आणि ग्राहकावर पडतो. शेतकऱ्याच्या पट्टीतून नाना कपाती होतात हे खरे. परंतु शेतकऱ्याने विकल्या भावात आणि गृहिणीने घेतल्या भावात जे अंतर असते, त्यात हमालीचा वाटा केवढा आणि आडत, साठेबाजी व नफा यांचा केवढा, हा हिशेब मांडल्याविना हमालाकडे बोट दाखवणे ही लबाडी आहे. आजचा हमाल हा बहुधा कालचा अल्पभूधारक शेतकरीच असतो. दुष्काळाने आणि कर्जाने त्याला गावातून उठवले आणि यार्डाच्या दारात आणून सोडले. या दोघांना परस्परांविरुद्ध उभे करण्यात कोणाचे हित आहे, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही.

आज धोका आहे तो इतक्या कष्टाने बसवलेला हा मेळ मोडण्याचा. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. यार्डाबाहेर जाणाऱ्या मालाबरोबर यार्डातले काम बाहेर जाते. पण यार्डातले हक्क आपोआप त्याच्यामागे जात नाहीत. २०२३ साली माथाडी कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक सरकारने मांडले, तेव्हा संघटनांना त्याविरुद्ध संप पुकारावा लागला. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्यांचा बंदोबस्त जरूर व्हावा. खऱ्या हमालालाही तो हवाच आहे. मात्र चोराचे निमित्त करून घरच पाडायचे, हा न्याय आम्हाला मान्य नाही. २०२० साली टाळेबंदीत मार्केट यार्ड बंद राहिले, तेव्हा हातावर पोट असलेल्या माणसाला नोंदणी आणि निधी यांचा आधार असणे व नसणे यांतला फरक सर्वांनी पाहिला आहे.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. हमालीचे दर महागाईच्या निर्देशांकाशी जोडले जावेत. माल यार्डात उतरो, खासगी बाजारात उतरो किंवा घरपोच माल पाठवणाऱ्या कंपनीच्या गोदामात उतरो, ओझे उचलणाऱ्याला माथाडी कायद्याचे संरक्षण मिळावे. धान्य निवडणाऱ्या आणि झाडलोट करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी अपवादाविना व्हावी. घरचा हिशेब अखेर त्यांनाच जुळवावा लागतो. सूक्ष्म कर्जाच्या हप्त्याची मर्यादा एकूण मिळकतीवर न ठरवता अन्न, भाडे आणि शिक्षण यांचा खर्च वजा करून ठरवावी. आणि संघटनांनी आपल्या पतसंस्था सचोटीने चालवून दाखवाव्यात, कारण सावकाराला दुसरे उत्तर नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरेच. पण ज्याने आयुष्यभर धान्याची पोती वाहून शहराचे पोट भरले, त्याच्या वाट्याला आलेले अंथरूण त्याच्या देहाहूनच आखूड असेल, तर त्याला पाय दुमडायला शिकवणे याला साक्षरता म्हणता येणार नाही. ते अंथरूण त्याच्या उंचीचे करून घेणे, हेच समाजवादी चळवळीचे काम आहे.