हवा गेलेली गाडी

लग्नसराईत निपाणीकडे जाताना महामार्गावर एक दृश्य मला हमखास दिसतं. हवा गेलेली मोटार, आणि तिच्या मागेच घोळका करून उभं असलेलं अख्खं कुटुंब. पोटात गोळा येतो. पंक्चर परवडलं, मागून भरधाव येणारा ट्रक नव्हे!

टायर फुटल्यास करकचून ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, वेग आपोआप उतरू द्या आणि डाव्या कडेला घ्या. वंटमुरी घाटाच्या उतारावर किंवा वळणावर थांबण्यापेक्षा हळूहळू सपाटीपर्यंत गेलेलं बरं. टायर खराब होईल, होऊ दे. मुलाबाळांना डाव्या दारानं उतरवून रस्त्यापासून दूर न्या. लाल त्रिकोण बराच मागे ठेवा. नट सैल करायचे ते गाडी जॅकवर चढवण्याआधी, हँडब्रेक ओढून. उजवं चाक रहदारीच्या बाजूला असेल तर पाना हाती न घेता महामार्गाच्या मदतीसाठी सरळ १०३३ फिरवा.

हवा म्हणा की गाळी म्हणा, स्टेपनीत ती आहे ना, हे घरीच पाहावं. आणि मागे मांडलेले दगड निघताना उचला हो! अंधारात ते दुचाकीवाल्याच्या जिवावर बेततात.