आपल्या नावाची एक ओळ

आमच्या शहरात बाईच्या आठवड्याचं नियोजन गेली कित्येक वर्षं नळ करत आलाय. पाणी कोणत्या दिवशी येणार, यावर धुणं, पाहुणे, दवाखाना, सगळं ठरतं. आधी पिंप की आधी हंडे, हे आपल्याला झोपेतसुद्धा सांगता येतं. म्हणून "बायकांना नियोजन जमत नाही" असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. मैत्रिणींनो, नियोजन आपल्याला उत्तम जमतं. फक्त त्यात आपलं स्वतःचं नाव कुठे नसतं.

मागे संक्रांतीनंतर आमच्या भागातल्या बचत गटाच्या बैठकीत मी प्रत्येकीला एक कोरा कागद दिला. "पुढच्या पाच वर्षांत तुम्हाला काय करायचंय ते लिहा," एवढंच सांगितलं. जिला लिहिता येत नाही, तिनं शेजारणीकडून लिहून घ्यायचं. अर्ध्या तासानं कागद गोळा केले. थोरल्याला नोकरी लागावी, पोरीचं लग्न व्हावं, घरावर स्लॅब पडावा, मालकांची दारू सुटावी. अठरा कागदांत स्वतःबद्दलची ओळ फक्त दोघींची. एकीला गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं, दुसरीला दहावी व्हायचं होतं. एक मावशी तर म्हणाल्या, "ताई, आमचं काय राहिलंय आता? लेकरांचं झालं की आमचं झालं."

घरी येऊन मीही तोच कागद घेऊन बसले. मी बी.ए. झालेली, बैठकांत बोलणारी! पहिल्या तीन ओळी भराभर लिहिल्या: मुलीचं पुण्यातलं शिक्षण, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, घराचा हप्ता. चौथी ओळ सुचेना. २००१ साली पदवी घेतली तेव्हा एम.ए. करायचं ठरवलं होतं. 'पुढच्या वर्षी' म्हणता म्हणता दोन तपं उलटली. मला कुणी अडवलं नाही, हे खरं. पण कुणी विचारलंही नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

"आता वय झालं" म्हणणारीला मी पार्वतीबाई आठवले यांच्याबद्दल सांगते. जन्म १८७० चा. विसाव्या वर्षी वैधव्य आलं, पदरात लहान मुलगा. बहीण आनंदीबाई कर्वे यांच्या आधारानं त्या पुण्याला आल्या आणि पंचविशी उलटल्यावर शिकू लागल्या. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी जमवली. इंग्रजी येत नाही, ही उणीव मात्र त्यांना टोचत राहिली. मग १९१८ साली, अठ्ठेचाळिशीच्या घरात असताना, त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिल्या आणि १९२० साली परत आल्या. अलीकडचं सांगायचं तर ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी साडी नेसून पाटी घेऊन बसल्या.

पण एक गोष्ट विसरायला नको. पार्वतीबाईंच्या पाठीशी बहीण होती, आश्रम होता. फांगण्याच्या आज्यांना शिकवणारं कुणीतरी होतं. नुसती जिद्द धरून कुणाचं भागत नाही. "बाईनं ठरवलं तर काय अवघड आहे?" हे बोलायला सोपं आहे. ठरवायला मोकळा वेळ लागतो, हातात पैसा लागतो आणि "जा, मी बघते घरचं" म्हणणारं कुणीतरी लागतं.

दहावी व्हायचं होतं तिचंच बघा. आम्ही तिच्या इच्छेला तारीख, पैसा आणि वेळ जोडला. सतरा नंबरचा फॉर्म कधी भरायचा, फी आणि पुस्तकं मिळून किती खर्च, अभ्यास दुपारी दोन ते चार. अडलं ते पैशाशी. "ह्यांना मागितले तर म्हणतील, आता कलेक्टर होणार का?" मी गटातून कर्ज द्यायचं सुचवलं, तर लगेच प्रश्न आला, "शेळी घेतली तर दूध तरी देते. दहावी काय देणार?" मी वही उघडली. नवऱ्याच्या रिक्षासाठी कर्ज होतं, नणंदेच्या लग्नासाठी होतं, बारशासाठीसुद्धा होतं. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं की बारसं काय देणार! बाईच्या स्वतःच्या शिक्षणासाठी मात्र एकही नोंद नव्हती. कर्ज मंजूर झालं. शिलाईच्या पैशातून ती हप्ता भरते. गणित जड जातंय, पास होईलच असं मी सांगणार नाही. पण वहीत पहिली नोंद झाली. मला वाटतं, प्रत्येक बचत गटाच्या वहीत असा एक रकाना असायलाच हवा.

तुम्हीही एक आठवडा रोजचा वेळ कुठे जातो ते लिहून काढा. मग मनातली एकच इच्छा घ्या आणि तपासा, ही माझी आहे की 'लोक काय म्हणतील' याची? मालकांची दारू सुटणं एकट्या आपल्या हातात नाही. आपल्या नावाचं खातं उघडणं, दुखणारा गुडघा दाखवून घेणं आपल्या हातात आहे. जे आपल्या हातातलं आहे, त्याला तारीख घाला. आणि घरच्यांना ते सांगा, मनात ठेवू नका.

मी सांगितलं, "रोज चार ते साडेपाच मी अभ्यासाला बसणार." सासूबाईंनी विचारलं, "मग चारचा चहा?" दोन दिवस घरात अबोला होता. आता चारचा चहा त्या स्वतः करतात, मलाही आणून देतात. साखर जरा जास्त असते, मी काही बोलत नाही. एम.ए.चा अर्ज भरलाय.

पुढच्या वेळी पाणी भरून झालं की हात पुसा आणि एक कागद घ्या. मुलांचं, घराचं खाली लिहा. वरची पहिली ओळ आपल्या नावाची असू द्या.