येलवालचे ग्रामदान आणि पडद्यावरची मूर्ती



म्हैसूरजवळच्या येलवालला राहणाऱ्या आमच्या एका मराठी फिटर साथीचा मुलगा संगणकावर मूर्ती घडवावयास शिकतो आहे. पेणचा कारागीर शाडूचा गोळा दाबतो, तसा हा पडद्यावरचा गोळा डिजिटल पेनाने ओढून नाक, गाल, कान काढतो. रंगही मूर्तीवरच चढवतो. डोळ्यांची आखणी मात्र अजून साधत नाही! सिनेमातली आणि व्हिडिओ गेममधली पात्रे अशीच तयार होतात.

क्लासवाल्याने भरमसाट फी सांगितली. बाप पीएफमधून उचल घ्यायला निघाला होता. मी त्याला थांबवले.

कारण ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. ते बनवणारी कंपनी २००२ साली बंद पडली, तेव्हा टॉन रोझेंडाल यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो लोकवर्गणी जमवून ते सोडवले आणि सर्वांना खुले केले. याच येलवालला सप्टेंबर १९५७ मध्ये ग्रामदान परिषद भरली होती. विनोबा आणि पंडित नेहरू दोघेही हजर होते. तिथे जमीन गावाची करण्याची गोष्ट होती, इथे हत्यार सर्वांचे झाले.

पण हत्यार फुकट मिळाले म्हणून मजुरी रास्त मिळत नाही. या धंद्यात रात्री जागून काम उरकून घेतात. अमेरिकेत मार्व्हल स्टुडिओच्या व्हीएफएक्स कामगारांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने युनियनच्या बाजूने मत दिले. हे आपल्या पोरांना आताच सांगावे.

शाखेच्या कचेरीतला संगणक दर रविवारी कामगारांच्या मुलांसाठी खुला ठेवावा, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.